पाणी त्यांच्या ओळखीचं नाही

पत्राचा सारांश : पत्रलेखक निवृत्त शिक्षक आहेत, मुलाकडे बदलापूरला राहतात. चिपळूणला वडिलांनी बांधलेलं घर आहे. २०२१ च्या पुरानंतर त्यांनी कर्ज काढून घराची वायरिंग आणि फरशी नव्याने करून घेतली. त्याचा महिना ६,५०० रुपये हप्ता घराच्या भाड्यातून जातो. गेल्या १ डिसेंबरपासून घर चिपळूणजवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत काम करणाऱ्या तरुणाला दिलं आहे. तो मूळचा बीडकडचा. सोबत बायको आणि दीड वर्षाची मुलगी. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणी केलेला करार २४ महिन्यांचा, त्यात पहिले १२ महिने लॉक-इन. भाडं ९,०००, अनामत ३०,०००. एप्रिलच्या शेवटी त्याचा फोन आला : ‘काका, माझी बदली होतेय, ३१ मेला घर सोडतो.’ नंतर शेजाऱ्यांकडून कळलं की बदली वगैरे काही नाही. त्याची बायको पावसाला घाबरली आहे आणि ते वरच्या अंगाला दुसरं घर बघत आहेत. पत्रलेखक दुखावले आहेत. करारात लिहिलं आहे की लॉक-इनमध्ये घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यावं लागेल, म्हणजे ५४,००० रुपये. मुलगा म्हणतो वकिलाची नोटीस पाठवा आणि पैसे मिळेपर्यंत शेजाऱ्यांना सांगून त्यांचा टेम्पो भरू देऊ नका. बायको म्हणते जाऊ द्या त्यांना. अनामत घराच्या रंगात खर्च झालेली आहे. ‘खोटं बोलणाऱ्याला मोकळं सोडायचं का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मला तुमचा राग पटला. शब्द दिला, सही केली, आणि सहाव्या महिन्यात खोटं कारण सांगून निघाले, तर कुणालाही लागेल. तुम्ही आयुष्यभर शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलंत, तुम्हाला जास्तच लागलं असणार.

दुसऱ्या वाचनात मात्र एका वाक्याशी अडखळले. फरशी का बदलावी लागली हे सांगताना तुम्ही जाता जाता लिहिलंत, ‘२०२१ साली घरात कमरेएवढं पाणी होतं, पण तसं दरवर्षी थोडंच येतं.’ मग मी पत्र पुन्हा वरून खाली चाळलं. घर दाखवताना हे त्या मुलाला सांगितलं होतं, असं कुठे लिहिलेलं सापडतं का ते पाहत होते. सापडलं नाही. तुम्ही ते मुद्दाम लपवलंत असं मी म्हणत नाही, मला तसं वाटतही नाही. मला वाटतं, तुम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

माझं माहेर राजापूरचं. अर्जुना आणि कोदवली चढल्या की बाजारात पाणी येतं, जवाहर चौकात किती आलं यावरून माणसं पुढचा अंदाज बांधतात. लहानपणी आम्हाला त्याचं काही वाटत नसे. दुकानदार माल माळ्यावर चढवायचे, पाणी उतरलं की गाळ काढायचे, दुकान पुन्हा उघडायचं. नदीच्या काठावर वाढलेल्या माणसाला पाणी ओळखीचं असतं. किती वाजता चढेल, कुठल्या पायरीशी थांबेल, भरती कधी आहे, हे त्याच्या अंगात असतं. बीडकडच्या मुलीला ते कुठून असणार? तिच्या गावी पाऊस यावा म्हणून माणसं आभाळाकडे बघतात. आणि इथे शेजारची कुणीतरी भिंतीवर हात ठेवून तिला सांगते, ‘इथवर होतं गो पाणी.’

तिच्या जागी उभं राहून बघा. नवऱ्याची पाळी बदलत असणार, त्यात रात्रपाळीही येणार. २२ जुलै २०२१ चं पाणी पहाटे चढलं होतं हे तुम्हाला माहीतच आहे. वर सह्याद्रीत तुफान पाऊस, वाशिष्ठीत कोयनेचं अवजल (वीज तयार केल्यावर सोडलेलं पाणी), खाली पौर्णिमा दोन दिवसांवर आल्यामुळे दाभोळच्या खाडीची मोठी भरती, आणि मधल्या बशीत चिपळूण. ज्यांचा जन्म तिथे गेला त्यांनाही त्या पहाटे काही सुचलं नव्हतं. दीड वर्षाचं मूल कडेवर घेऊन ही एकटी बाई काय करणार होती? लोट्याहून नवरा घरी पोचणार कसा होता? नदीतला गाळ काढला गेला हे खरं, तेव्हापासून लोकांना थोडा धीरही आला आहे. पण त्या धिरावर झोप लागायला आधीची काही वर्षं तिथे काढलेली असावी लागतात.

म्हणून त्यांना तुम्हाला फसवायचं होतं असं मला वाटत नाही. मग खोटं का बोलले? मला वाटतं, तुमच्या वयामुळे आणि ‘काका’ म्हणण्यामुळे. ‘काका, तुम्ही आम्हाला पुराचं सांगितलं नव्हतंत’ हे वडीलधाऱ्या घरमालकाला फोनवर सांगणं त्या मुलाला जमलं नाही. बदली हे आपल्याकडचं सगळ्यांत सोपं कारण. त्यात कुणाचा दोष नसतो, कुणी उलट विचारत नाही. त्याने ते वापरायला नको होतं, हे मी त्यालाही सांगितलं असतं. पण त्याच्या खोट्याचा हिशेब मांडताना आपलं न सांगणंही त्याच पानावर लिहायला हवं.

आता कायद्याचं. तुमच्या मुलाला ५४,००० चा आकडा करारात दिसतो, म्हणून तो मिळणारच असं त्याला वाटतं. तसं नसतं. भारतीय करार कायदा १८७२ मधला. त्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यावर द्यायची रक्कम आधीच लिहून ठेवली असेल, तर ती वरची मर्यादा धरतात. त्या मर्यादेत न्यायालय वाजवी वाटेल तेवढी भरपाई देतं. कलम ७३ च्या स्पष्टीकरणात असंही आहे की नुकसान मोजताना ते कमी करायचे कुठले उपाय हाताशी होते तेही बघायचं. जुलैत तुम्हाला नवा भाडेकरू मिळाला आणि तरीही तुम्ही नोव्हेंबरपर्यंतचं भाडं याच्याकडून मागितलंत, तर एकाच घराचं दुहेरी भाडं मागितल्यासारखं होईल.

दुसरी गोष्ट बऱ्याच घरमालकांना ठाऊक नसते. लिव्ह अँड लायसन्सचा पाया ज्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात आहे, त्याच्या कलम ५७ मध्ये लायसन्स देणाऱ्यावर एक कर्तव्य टाकलेलं आहे : राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा जागेचा जो दोष मालकाला माहीत आहे आणि राहणाऱ्याला माहीत नाही, तो मालकाने सांगितला पाहिजे. पूर हा त्या अर्थाने जागेचा दोष ठरेल का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. पण तुम्ही नोटीस पाठवलीत तर समोरच्या वकिलाचं पहिलं वाक्य हेच असेल, आणि तुमच्या घराच्या दुरुस्तीचं कर्जच त्यांचा पुरावा होईल. २०२१ मध्ये पाणी आलं म्हणूनच तर ते काढलंत.

टेम्पो अडवण्याचा विचार तर मनातून काढूनच टाका. माणसाचं सामान पैशासाठी अडवून धरायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि तुमच्या वतीने शेजाऱ्यांना तर मुळीच नाही. असं झालं की भाडेकरू पोलिसांकडे जातात, आणि मग पैसे देणारा कोण आणि घेणारा कोण हे बाजूलाच राहतं. कुणी चिडून नळ किंवा वीज तोडण्याचा सल्ला दिला तर तेही लक्षात ठेवा : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये अत्यावश्यक सेवा तोडण्याला मनाई आहे. शिवाय त्या घरात एक तान्हं मूल आहे.

याचा अर्थ तुम्ही सगळं सोडून द्यावं असा नाही. तुमच्या पत्नीचं ‘जाऊ द्या’ मनाला बरं वाटतं, पण तुमच्या डोक्यावर ६,५०० चा हप्ता आहे आणि त्याने ११ महिन्यांचा नाही तर २४ महिन्यांचा करार स्वतःहून केला होता. करार नोंदवायचा खर्च झाला, एजंटची फी गेली, आणि जूनचं भाडं तुम्ही हिशेबात धरलेलं होतं. हे खरं नुकसान आहे आणि ते थोडं त्यानेही उचलावं.

माझ्या मते वाजवी हिशेब असा होईल. मे महिन्याचं भाडं तो देईलच. जूनचं एक महिन्याचं भाडं, म्हणजे ९,०००, अनामतीतून वळतं करून घ्या. शेवटचं विजेचं बिल त्याने भरावं. उरलेले २१,००० किल्ली हातात येईल त्याच दिवशी परत द्या. नवा भाडेकरू १५ जूनला आला तर जूनचे निम्मे त्याला परत करा. एजंटला पुन्हा पैसे मोजावे लागले तर ते त्यातून वजा करा, पण पावती दाखवून. तुम्ही पुराचं आधी सांगितलं असतंत आणि तरीही तो सहाव्या महिन्यात निघाला असता, तर मी तुम्हाला दोन महिन्यांचं भाडं मागा म्हटलं असतं. इथे एकच सांगते आहे, आणि त्याचं कारण तुम्हाला आता कळलं असेल.

आता पत्रातली ती दुखरी जागा. अनामत रंगात गेली, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंत, पण मला वाटतं रागाचा बराचसा भाग तिथून येतो. परत द्यायला पैसे हातात नसले की समोरच्याचा दोष मोठा दिसू लागतो. हे कुणाचंही होतं. कितीतरी घरमालक अनामतीला आपलं उत्पन्न समजून खर्च करतात, आणि भाडेकरू निघाला की भिंतीवरचे खिळे मोजत बसतात. अनामत त्याची आहे, तुमच्याकडे ठेवलेली. त्याला पुढच्या घरमालकाला अनामत द्यायची आहे, ती तो याच पैशातून देणार असेल. म्हणून मुलाला सांगा की वकिलाच्या फीसाठी जे पैसे काढणार होतास, त्यात भर घालून मला २१,००० उसने दे. नव्या भाडेकरूची अनामत आली की ते फेडा, आणि ती नवी रक्कम मात्र बँकेत वेगळी, मुदत ठेवीत ठेवा. एकरकमी जमणारच नसेल तर भाडेकरूला आत्ताच सांगा, की अर्धे ३१ मेला आणि अर्धे अमुक तारखेला. ऐन टेम्पोच्या वेळी सांगू नका.

पण हा सगळा हिशेब करण्याआधी एक गोष्ट करा, जी तुम्ही अजून केलेली नाही. त्याला विचारा. ‘बदली होतेय का?’ असं उलटतपासणीसारखं विचारू नका. आधी स्वतःचं सांगा. साधारण असं : ‘मला शेजाऱ्यांकडून कळलं की वहिनी पावसाला घाबरल्यात. घर देताना २०२१ चं पाणी मी तुम्हाला सांगायला हवं होतं, ते राहिलं. आता मोकळेपणाने बोल, काय करायचं आपण?’ एवढं म्हटलंत की बदलीचा विषय आपोआप गळून पडेल आणि त्यालाही हलकं वाटेल. शिक्षकाला हे मी सांगणं म्हणजे थोडं जास्तच होतंय, पण वर्गात जे मूल शिक्षा होईल म्हणून खोटं बोलतं, त्याच्याकडून खरं कसं काढायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

कदाचित ते राहायलाही तयार होतील. फार आशा धरू नका, पण विचारून बघायला हरकत नाही. विजेचा बोर्ड आणि मीटर नव्या वायरिंगमध्ये वर घेतला होता का? घराला माळा आहे का, तिथे कपाटं, कागदपत्रं, धान्य ठेवता येईल का? शेजारी वरच्या मजल्यावर कुणी आहे का, जे इशारा आला की त्या मायलेकींना रात्रीसाठी वर घेतील? जून ते सप्टेंबर भाडं दोन हजारांनी कमी केलंत तर चार महिन्यांत तुमचे ८,००० जातील, आणि घर एक महिना रिकामं राहिलं तर ९,०००. हा हिशेब त्यांच्यासमोर मांडा आणि निर्णय तिच्यावर सोडा. तिने नाही म्हटलं तर आग्रह करू नका. घाबरलेलं माणूस पाऊस सुरू झाल्यावर, जुलैच्या मध्यावर, एका रात्री उठून निघून जाईल, आणि तेव्हा चिपळुणात नवा भाडेकरू शोधणं तुम्हाला फार अवघड जाईल.

खरं तर मेअखेर हा घर रिकामं व्हायला त्यातल्या त्यात बरा काळ आहे. सरकारी आणि बँकेच्या बदल्या याच सुमाराला होतात, शाळा-कॉलेजं जूनमध्ये सुरू होतात, माणसं पावसाच्या आत सामान हलवायला बघतात. त्यालाच सांगा की त्याच्या कंपनीत कुणी घर शोधत असेल तर पाठव. एकट्या राहणाऱ्या दोघा-तिघा कामगारांना तुमचं घर चालू शकेल, जे तान्ह्या मुलाच्या आईला चालत नाही. मे महिन्यात येणाऱ्यांना घर दाखवायची मुभा त्याच्याकडून मागून घ्या. आधी फोन करून, तिच्या सोयीच्या वेळी.

आणि बंद ठेवू नका, एवढं ऐका. भाडं परवडत नाही म्हणून किंवा रागाने कुलूप लावून ठेवलेल्या घराचं कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात काय होतं हे मी आमच्याच घराचं पाहिलं आहे. भिंतींना बुरशी, दाराच्या चौकटीला वाळवी, फुगलेल्या खिडक्या. कुणी नाहीच मिळालं तर आठवड्यातून एकदा दारं उघडायला, कौलं गळतात का बघायला शेजारच्या कुणाला तरी पैसे देऊन सांगा.

निघायच्या दिवशीचं काम कागदावर करा. त्या दिवशी तुम्ही स्वतः चिपळूणला जा, मुलाला पाठवू नका. मीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचा फोटो घ्या. एका साध्या कागदावर लिहा : अमुक तारखेचा करार दोघांच्या संमतीने आज संपला, ताबा मिळाला, अनामतीतून इतके वजा केले, इतके परत दिले, आता एकमेकांकडे काही येणं नाही. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, प्रत्येकाकडे एक प्रत. पैसे खात्यावरून द्या. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली असेल तर तो गेल्याचंही कळवा.

असाच पेच पडलेल्या इतर घरमालकांसाठी थोडं. करार तोंडी ठेवू नका. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणी केलेला असायला हवा, नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि तसा करार नसला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. आपल्याकडे घर देताना पहिली भीती असते ती हा माणूस उठणार नाही याची, त्यामुळे करारात ती कलमं भरपूर असतात आणि लवकर जायचं झालं तर काय, यावर एखादंच घाईने लिहिलेलं वाक्य. तिथे स्पष्ट लिहा : किती दिवसांची सूचना, लॉक-इनमध्ये निघाला तर एक की दोन महिन्यांचं भाडं, अनामत किती दिवसांत परत. सहा-सहा महिन्यांचा दंड लिहून काही साधत नाही. तो वसूल होत नाही आणि माणूस खोटी कारणं शोधतो.

जे भाडेकरू हे वाचत असतील त्यांनाही एक विनंती. जायचं असेल तर खरं कारण सांगा आणि लेखी सांगा. नदीकाठच्या गावात घर घेताना, ‘२००५ ला आणि २०२१ ला इथे पाणी कुठवर होतं?’ हे मालकाला विचारा, आणि शेजाऱ्यालाही. घर निळ्या पूररेषेच्या आत आहे की निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये, हेही बघा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

तुमच्या रंगाऱ्याने पुराची खूण पुसून टाकली असेल. मापून पुन्हा करून घ्या, दाराच्या आतल्या बाजूला, लहानशी, तारीख घालून. नवा माणूस घर बघायला आला की पाण्याची टाकी आणि नळ दाखवण्याआधी ती दाखवा, आणि करारातही एक ओळ घाला की हे सांगितलेलं आहे. काही जण तिथूनच परत जातील. जो राहील तो ऑगस्टमध्ये तुम्हाला बदलीचा फोन करणार नाही.

त्या मुलाला फोन आजच करा. रात्रपाळी असेल तर दुपारी तीननंतर, तोवर तो झोपलेला असेल.